आंदणाचा डबा

स्थळ: पिंप्राळ्यातील भांड्यांचे दुकान. हजर व्यक्ती: आमच्या शेजारच्या अक्का, त्यांचे दीर नाना आणि साक्षीदार म्हणून मी, तहसील कचेरीबाहेरील अर्जलेखक.

टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय अक्कांचा कोणत्याही वस्तूवर विश्वास बसत नाही. माझे टेबलही त्यातून सुटलेले नाही. मुलीच्या लग्नात आंदण देण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पितळी भांडी जमवली आणि प्रत्येकावर तिचे नाव कोरून घेतले. त्या दिवशी ती सारी त्यांनी मोडीत काढली, कारण मुलीला पुण्यात एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला होता.

“वहिनी, आंदण मोडता? जळगावात एम.एस्सी. नाही का?” नाना कडाडले.

“शे ना. पण तिना इषय पुण्यालेच शे,” अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या. “लगीन थांबी नाना, अ‍ॅडमिशन थोडीच थांबी?”

शेवटच्या डब्यावर मात्र त्यांनी टिचकी मारली, आवाज ऐकला आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला. “हाऊ तिनासंगे जाई.”

फी भरली गेली आहे आणि वसतिगृहातील खोलीसाठीचा अर्ज मीच लिहून दिला आहे. सबब पुण्याच्या वसतिगृह अधिकाऱ्यांस विनंती, की खोलीबाबतचा निर्णय त्वरित कळवावा. डबा लाडवांनी भरून तयार आहे आणि लाडू फार दिवस ताजे राहत नाहीत, हे साक्षीदार या नात्याने नमूद करतो.