पाय माझा आहे ना

आमच्या हॉस्पिटलचे फार्मासिस्ट मूळचे पुण्याचे. न्यूझीलंडमधल्या सेंट्रल ओटागोच्या कोरड्या माळावर त्या वर्षी डिस्क गोल्फचं नवीन मैदान झालं आणि दर शनिवारी आम्ही दोघं तिथे खेळू लागलो. खडक, रानटी थाइमची झुडपं, सशांची बिळं आणि मधूनमधून साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क, म्हणजे चपटी तबकडी, बास्केटमध्ये पाडेल तो जिंकला.

ते इस्त्रीचा शर्ट खोचून येत. फेकण्याआधी "हीप्स वारा आहे आज, बरं का" म्हणत, वारा असो वा नसो; 'हीप्स' म्हणजे इथल्या बोलीत 'खूप'.

डिस्क पडेल तिथे तिच्यामागे पाय रोवून दुसरी डिस्क फेकायची. पहिली जागची हलली तर आपल्या नावावर एक फेक वाढवायची, असं आमचं ठरलेलं. त्यांच्या बुटाचं टोक डिस्कला हमखास लागे. लागलं की ते वाकून तिला हात लावत आणि तो हात छातीशी नेत.

"अहो, प्लॅस्टिक आहे ते," मी एकदा म्हणाले.

"कळतंय मला. पाय माझा आहे ना."

एका शनिवारी शेवटच्या बास्केटपर्यंत आमची बरोबरी होती. त्यांचा बूट लागला. ते वाकले आणि हात लागताच डिस्क उतारावरून वीतभर घसरली.

"माझी एक वाढवा," ते म्हणाले.

मी कार्डावर वाढवली आणि त्या एका फेकीने जिंकले.

त्याच दिवशी तिसऱ्या बास्केटला माझ्याही बुटाने डिस्क सरकली होती. तेव्हा ते पाठमोरे उभे राहून वारा बघत होते.