अनंताची छाटणी

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या साली मी लग्न होऊन श्रीवर्धनला आले. नवरा मुंबईला गिरणीत, घरात मी आणि सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणायची आणि इतकी भ्यायची, की त्या नुसत्या खोकल्या तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं.

न्हाणीमागे अनंताचं झाड होतं. खाली नुसते वाकडे बुंधे, फुलं सगळी पार शेंड्याला. वास यायचा, फूल हाताला लागायचं नाही. माघात आत्याबाई म्हणाल्या, "म्हसळ्याची ना गं तू? कोयता धरता येतो, का नुसतं जेवता येतं? छाट त्याला. बुटकं कर."

आता आमच्या म्हसळ्याकडे छाटायचं म्हणजे राबासाठी. भाताची रोपं करायची जागा आधी भाजावी लागते, त्याला पाला हवा, म्हणून दर साली ऐनाची झाडं बोडकी करायची. ऐन मरत नाही, पावसात पुन्हा फुटतो. मला दुसरी छाटणी ठाऊकच नव्हती. पदर खोचला आणि गुडघ्याएवढे बुंधे ठेवून सगळं उडवलं. एक पान ठेवलं नाही. वर स्वतःवरच खूश!

आत्याबाई आल्या, बुंधे चाचपले आणि तिथेच मटकन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "माझ्या आईच्या हातचं झाड हाय हे. माहेरचं एवढंच उरलंय. हे फुटलं न्हाय, तर तू तुझ्या माहेरचा रस्ता धर."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. टाकलेली बाई म्हणून भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा? कापलेल्या जागी शेण थापलं, गावदेवीला नारळ बोलले. रोज नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. मग एका बुंध्याला आत तपकिरी लागलं. मेलं! मी तिथंच बसून रडले.

शिमगा आला, गेला, फुटायचं नाव नाही. एके सकाळी पाहते तर बुंध्यांना अगदी खाली, जमिनीलगत ताजे ओरखडे. माझे नव्हेत. म्हटलं, घूस लागली, आता मुळंही गेली.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून गेले, तर तिथे आत्याबाई. मातीत बसून साल खरवडत होत्या. माझी चाहूल लागली. मला वाटलं, झालं, आता बोचकं बांधायला सांगतात. त्यांनी माझा हात धरला.

"बघ गं, हिरवं हाय का? मला दिसत न्हाय. कधीपासून दिसत न्हाय."

मी वाकले. सालीतून मोहरीएवढा कोंब वर आला होता. त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं.

"लागलं?"

"लागलं गं बाय!" बोट काही उचलेनात. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. कळलं तर पोरगा मला मुंबईच्या खोलीत नेऊन ठेवील. दिसत न्हाय म्हणून तर बुटकं कर म्हटलं, फूल हाताला लागावं म्हणून."

"न्हाय सांगत," मी म्हटलं. त्यांनी माझा हात तेवढा सोडला नाही.