बोडक्या डोक्यानं
कपड्याला घातलेल्या खळीचा वास आला की मला शाळेतली ती सकाळ आठवते. सोलापुरातला तीस सालचा इंग्रजांचा लष्करी कायदा नुकताच उठला होता, पण पांढरी टोपी घालून वर्गात बसायचं नाही, हा शाळेचा हुकूम कायम होता. आईनं खळ घालून दिलेली माझी खादीची टोपी हेडमास्तरांनी काढून घेतली. म्हणाले, “उद्या काळी घालून ये.” मी म्हणालो, “काळी न्हाय घालनार, सर.” “मग शाळेतून नाव कमी.” छडी बसली तेव्हा हात माझा नव्हेच असं वाटलं. भर उन्हात मी बोडक्यानंच घरी निघालो. त्या काळी घरात कुणी वारलं तरच माणूस असा रस्त्यानं दिसे. दारात ज्वारी पाखडणारी आई मला बघून उठली. “कोण गेलं रं?” “कुनी न्हाय. टोपी काढून घेतली. नाव बी काढलं.” ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मग मयतावरून आलेल्याच्या पायांवर घालतात तसं तिनं तांब्याभर पाणी माझ्या पायांवर घातलं आणि मला आत घेतलं. मी भाकरी खाल्ली. पुढं गिरणीत लागलो. तेव्हा काय वाटलं, असं नात कधी कधी विचारते, आणि मी तिला आईनं पायांवर घातलेल्या पाण्याचं सांगतो.