तिन्ही चौकटींत टिक

नवरा अजूनही म्हणतो, "अगं, तिच्या चांगल्यासाठीच केलं ना!" डोकंच फिरतं माझं.

आमची मुलगी स्नोबोर्डिंग करते. दुबईत राहून! मॉलमधल्या बंदिस्त बर्फाच्या उतारावर, मॉल उघडायच्या आधी, सहा वर्षं. बर दुबई भागातल्या आमच्या घरून मीच तिला न्यायचे. बाहेर घामाच्या धारा आणि आत मी शाल गुंडाळून बाकावर. तो उतार केवढासा, वर गेली की खाली आलीच! तेवढ्यात ती लोखंडी नळ्यांवरून घसरायला, उड्या मारायला शिकली. त्याला स्लोपस्टाइल म्हणतात. त्यात ती खरंच तयार झाली होती.

गेल्या मोसमात पहिल्यांदाच युरोपातल्या स्पर्धांना जायचं ठरलं. फॉर्मवर तीन प्रकार होते. ती म्हणाली, "बाबा, ओन्ली स्लोपस्टाइल." पण हा माणूस बारावीला गणित आणि बायॉलॉजी दोन्ही घेऊन बसलेला! "असू दे, ऑप्शन खुला राहतो," म्हणत त्याने तिन्ही चौकटींत टिक केली. झेंड्यांमधून वळत जायची शर्यतही, आणि चौघी एकदम सुटतात ती क्रॉसही. जन्मात केली नव्हती तिने. इथे करणार कुठे, कपाळ?

पहिल्या दोन स्पर्धांत शर्यतींनीच ती पिळून निघाली. तरी स्लोपस्टाइलची फायनल अवघ्या एका जागेने हुकली. शेवटच्या ठिकाणी स्लोपस्टाइलच्या आदल्या दिवशी क्रॉस होती. ती म्हणाली, "आई, आय डोन्ट वॉन्ट टू." नवरा म्हणाला, "नाव दिलंय ना? यल्ला, चल, उतर!"

पहिल्याच वळणावर दुसरीचा बोर्ड हिच्या बोर्डात अडकला. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी हात प्लास्टरमध्ये घेऊन ती बाकीच्या मुलींची स्लोपस्टाइल बघत बसली. मी सगळ्यांदेखत नवऱ्याशी भांडले. लाज वाटली नाही मला.

घरी येऊन फाइल लावताना तो फॉर्म हाती आला. पालकांच्या दोन सह्या होत्या, खालची माझी. "बाबा म्हणतात तर ऐक की," असं म्हणून मीच तिला गप्प केलं होतं. त्याच्यापेक्षा जास्त राग मला माझाच आला.

यंदा मी पेन घेऊनच बसले. एकच टिक होणार, बघते कोण दुसरी करतं! "फॉर्म आण गं," म्हटलं.

"आय सेंट इट लास्ट वीक, आई."

"सहीशिवाय?"

"आय ॲम एटीन नाउ. डोन्ट नीड युवर्स."

कशाकशात नाव दिलंय, विचारलं. तिने सांगितलं नाही.