पायाशी उणे दोन टन

गेल्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात माझ्या आजोळच्या ओढ्यावरचा बंधारा मधोमध फुटला. पाऊस नव्हता. आधीचा महिनाभरही नव्हता. उपसा योजनेचं पाणी ओढ्यात सोडलं होतं आणि बंधारा काठोकाठ भरला होता. भिंतीच्या खाली दोनशे फुटांवर मामाचं घर आहे. मामी अंगणात धुणं वाळत घालत होती. पाण्याबरोबर आलेल्या दगडाने तिचा उजवा पाय मांडीत मोडला.

भिंत फुटेल, हे मामाने वर्षभर आधी लिहून दिलं होतं.

मामा लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. जुनी भिंत दगडी. उंची तीन मीटर, रुंदी माथ्याला एक, पायाला दोन. अशी भिंत स्वतःच्या वजनाने पाया दाबते. पाणी तिला पुढे लोटतं, म्हणून पाण्याकडच्या कडेवरचा दाब कमी होतो आणि समोरच्या कडेवरचा वाढतो. मामाने दोन्हींची बेरीज केली. भरल्या बंधाऱ्यातही पाण्याकडच्या कडेला चौरस मीटरमागे दीड टन दाब उरत होता. भिंत सुरक्षित होती.

वरच्या द्राक्ष बागायतदारांना जादा पाणी हवं होतं. माथ्यावर अर्धा मीटर बांधकाम चढवायचं ठरलं. मामाने पुन्हा हिशेब केला. वाढीव वजनाने पायावरचा दाब चौरस मीटरमागे अर्ध्या टनाने वाढत होता, पण भिंत उलथवणारा जोर दीडपटीच्या वर जात होता. पाण्याकडच्या कडेला उत्तर आलं उणे दोन टन. म्हणजे तिथे दाब संपून ओढ सुरू. दगडकामाला ओढ सोसत नाही.

ग्रामसभेला मी हजर होतो. बातमी करायला आलो होतो.

"आवं सुभेदार, वर वजन आलं की भिंत आनखी दाबून बसंल की!" एक तरुण बागायतदार म्हणाला.

"बसंल. उभा ऱ्हा हितं, गड्या."

मामाने त्याच्या डोक्यावर खताचं पोतं दिलं आणि पाठीत दोन्ही हातांनी रेटा दिला. तो पुढे झुकला आणि एक पाऊल टाकून सावरला.

"टाच उचलली का न्हाई?"

"उचलली. पर मी काय पडलो न्हाई."

"तू पाय पुढं टाकलास. भिंतीला पाय हायत व्हय? तिची टाच उचलली की तितं चीर पडती. चिरंत पाणी शिरतं आन् खालनं उचलाय लागतं."

"सुभेदारानं गड्याची भिंत केली रं!" मागून कोणी तरी ओरडलं. सभा हसली. ठराव हात वर करून मंजूर झाला. मामाच्या अर्जावर पोहोच मिळाली, उत्तर नाही.

त्या दिवशी जेवताना मामी मला म्हणाली, "तुज्या पेपरात छाप की. आमी भिंतीच्या खाली ऱ्हातो. कागद वाचत न्हाईत, पेपर तर वाचत्यात."

मी गणितासह बातमी दिली. डेस्कवर आकडे काढले गेले. वाचकाला कळत नाहीत, असं कारण मिळालं. छापून आल्या चार ओळी: 'बंधाऱ्याच्या उंचीवाढीस माजी सैनिकाचा विरोध'. मी भांडलो नाही. दोन महिन्यांनी उंचीवाढीच्या उद्घाटनाचा फोटो तीन कॉलम लागला. तो मीच पाठवला होता.

भिंत फुटल्यावर मी पोहोचलो तेव्हा मामा पायाच्या उरलेल्या दगडांवर टेप धरून बसला होता. चीर पाण्याकडच्या बाजूने सुरू झाली होती. आतला चुना ओला होता. त्याने मला जागा दाखवली.

"आता तरी आकडं छापशील?"

त्या वेळी छापले. पूर्ण गणित, पहिल्या पानावर. मामी तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात होती. दुसऱ्या आठवड्यात पंचनाम्याची प्रत मिळाली. कारणाच्या रकान्यात 'अतिवृष्टी' लिहिलं आहे. खाली पाच सह्या आहेत. पोतं डोक्यावर घेतलेल्या बागायतदाराची तिसरी.

मामी आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते. बंधाऱ्याच्या पुनर्बांधणीचं अंदाजपत्रक मंजूर झालं आहे. त्यात पायाची रुंदी दोन मीटर आहे आणि उंची साडेतीन.