शिरीषाची सावली

सोलर प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर तोडलेल्या शिरीषाचा बुंधा दिसला आणि मी थबकलो.

इथं वर्षाला किती वीज तयार होईल, याचा अंदाज मीच ऑफिसात बसून बांधला होता. उपग्रहाचा फोटो पानगळीतला होता, झाड उघडंबोडकं. सावलीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. एकदा येऊन बघायला काय झालं होतं मला! पुढे झाडाला पालवी फुटली, पॅनलवर सावली पडली, वीज कमी भरली. कुणी माझा अहवाल चुकीचा ठरवला नाही, झाडच तोडलं.

बुंध्याशेजारी शेळ्या राखणारी एक आजी डोक्यावर पदर ओढून बसली होती.

"उन्हात का उभा, लेकरा? ये, बस इथं," म्हणत तिनं सवयीनं सरकून मला जागा करून दिली.