पहिल्या नंबरासाठी मला दिलं

आमच्या छावणीतल्या कुटुंब मेळाव्यात यंदा बायकांचे फुटबॉलचे सामने ठेवले. चार इमारतींचे चार संघ. त्याच सुमारास बदलीवर आठ नवी कुटुंबं दिल्लीत आली होती आणि क्वार्टर मिळेपर्यंत तात्पुरत्या खोल्यांत राहत होती. त्या आठ जणींना कुठलीच इमारत नव्हती. म्हणून ठरलं, की चारही कॅप्टननी नंबरानं एकेक जण मागून घ्यायची. एक पहिल्या फेरीत, एक दुसऱ्या फेरीत. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या इमारतीचा नंबर चौथा आला.

आमच्या कॅप्टन समोरच्या नाशिकच्या वहिनी. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ऐकायचं. त्यांना हवी होती मणिपूरची उंच बाई. एका संध्याकाळी तिनं कडेवरचं मूल शेजारणीकडे दिलं आणि चेंडू पायावर असा खेळवला, की मैदानातली मुलं खेळ सोडून बघत राहिली. चौथ्या नंबरापर्यंत ती कुठली उरायला!

पहिला नंबर होता हरियाणाच्या भाभींचा. त्यांनी निरोप धाडला, पहिला नंबर घ्या, बदल्यात तुमचे दोन्ही द्या.

माझा जीव मात्र त्या दुसऱ्या फेरीतल्या नंबरात अडकला होता. नव्या आठ जणींत एक सांगलीकडची होती. दुधाच्या रांगेत ओळख झाली. हिंदीत मी ‘हां जी’च्या पुढे जात नाही, मराठीतही फारशी नाही. पण तिच्यापाशी माझी जीभ सुटते. तिनं जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता, तेव्हा तिला आधी कोणी मागणार नव्हतं. दुसरा नंबर आमच्याकडे राहिला, तरच ती माझ्या संघात येणार होती.

त्या रात्री वहिनी आमच्याकडे आल्या. मी पोळ्या लाटत होते, हे जेवत होते.

“भाऊजी, द्यावेत का दोन्ही नंबर?”

“एकीसाठी दोघी? ती चेंडू घेऊन पळेल हो. पण तिच्यापर्यंत पोचवणार कोण? तुम्ही?”

“का नाही?”

“तुम्ही जिन्यात दोनदा थांबता.”

“दम लागतो म्हणून नाही, लोकांची विचारपूस करते मी. आणि माणसं कमी पडली तर ओरडून भागवू. गोल काही ओरडून होत नाही!”

दुसरा नंबर देऊ नका, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण का, म्हणून विचारलं असतं तर? गप्पा मारायला, असं कसं सांगायचं? मी पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर वहिनी भाभींना हो म्हणणार, एवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

“वहिनी, दुसऱ्या फेरीचा नंबर ठेवा. त्याच्याऐवजी मला द्या.”

“अगंबाई! तू बोलतेससुद्धा?”

वहिनींनी ते हिंदीत सांगितलं, तेव्हा भाभींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. “भागती है?”

“बिल्कुल! हिरनी है!” वहिनी म्हणाल्या. सुटलेली बस मी एकदा पिशव्यांसकट पळत गाठली होती, ते अख्ख्या इमारतीनं पाहिलं होतं. सौदा झाला.

मणिपूरची बाई वहिनींकडे गेली. दुसऱ्या फेरीच्या शेवटी सांगलीचीच उरली. तिचा हात धरून वहिनी ओरडल्या, “घेतली गं तुझी मैत्रीण!” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी भाभींच्या बाजूला उभी आहे.

घरी हे हसून हसून बेजार. “मैत्रिणीला जागा करून दिलीस आणि स्वतः बाहेर पडलीस होय!” मी भाजी वाढली नाही. त्यांनी हातानं घेतली.

दुसऱ्या संध्याकाळपासून दोन्ही संघांचा एकमेकांशी सराव सुरू झाला. मी मान खाली घालून गेले. भाभींनी मला मैत्रिणीकडे बोट दाखवलं. “उससे चिपकी रहना. जहाँ वो, वहाँ तू.” तिकडे वहिनी, आपलीच थाप खरी मानून, मैत्रिणीला बजावत होत्या, “हरिणी आहे ती, सोडू नकोस!”

मग काय, आम्ही दोघींनी आपापल्या कॅप्टनचा शब्द मोडला नाही. मैदानाच्या पार त्या टोकाला मणिपूरची बाई आमच्यावर गोलामागून गोल करत होती आणि वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होत्या, “बघा, वसूल झाला की नाही नंबर?” इकडे मैत्रीण सांगत होती, की सासूबाईंनी पिशवीत कुरडया भरून दिल्या आणि रेल्वेत त्या पिशवीवर कुणीतरी बसलं. एवढ्यात चेंडू आमच्याकडे आला.

“थांब हां,” मी म्हणाले आणि चेंडूला एक लाथ घालून तो लांब पाठवला.

“हं. मग सासूबाईंना काय सांगितलंस?”